इसवी सन सत्तावीस आणि नाखवा मॅडम

नाखवा मॅडम वर्गात शिरल्या की आधी फळा पुसायच्या. मग खडूने मधोमध एक आकडा लिहायच्या आणि हात झटकत खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. धड्याचं नाव नाही, पान क्रमांक नाही. नुसतं साल. ओळखीचं असलं तर मुलं लगेच ओरडायची, पण मॅडमना ओळखीची सालं फारशी आवडायची नाहीत. "ते तुमच्या रिक्षावाल्यालाही माहीत हाय," असं म्हणून त्या ते पुसून टाकायच्या.

"या साली कोण कुठं उभं होतं ते सांगा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लढाई असली तर नदीच्या कुठल्या काठाला, राज्याभिषेक असला तर मंडपाच्या कुठल्या रांगेत. राजाचं नाव त्या सगळ्यात शेवटी विचारायच्या आणि ते कुणाला आलं नाही तरी त्यांचं काही बिघडायचं नाही.

मी त्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा त्यांची नोकरीची सहाच वर्षं उरली होती. जुन्या पनवेलमध्ये तळ्याजवळची आमची शाळा. आम्ही बहुतेक जणी कामोठे, खांदा कॉलनीतून येणाऱ्या, नोकरदारांच्या घरातल्या. मॅडम उरणजवळच्या करंजाच्या, कोळ्यांच्या. वडील तांडेल होते, बोट चालवायचे. घरात कॉलेजात जाणारी पहिली मुलगी हीच. लग्न केलं नाही. पनवेलला एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीने घरी जायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ असायची. राग आला किंवा एखादी गोष्ट मनाला लागली की मात्र तिच्यातून करंजा डोकं वर काढायचं. मुलांना ते पक्कं माहीत होतं. "नाय" ऐकू आलं की मागचे बाकसुद्धा चिडीचूप.

डब्यात त्यांच्या सुकट नाहीतर भरलेले बोंबील. स्टाफरूममध्ये नाकं मुरडली जायची. एकदा एका मॅडमनी गोड आवाजात सुचवलं की तुम्ही बाहेर व्हरांड्यात बसलात तर बरं होईल. नाखवा मॅडम उठल्या. आम्हाला वाटलं, चालल्या. त्यांनी चारही खिडक्या एकेक करून उघडल्या, परत येऊन बसल्या आणि शांतपणे जेवल्या. पुन्हा कुणी विषय काढला नाही.

दुसरी सवय मोजण्याची. सहलीला गेलं की हजेरीवर त्यांचा विश्वास नसायचा. प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावून त्या मोजायच्या. बसमध्ये चढताना, उतरताना, जेवायला बसताना. "गणित तुझं, मोजणी माझी," असं मला म्हणायच्या. कर्नाळ्याच्या पायथ्याशी एकदा आकडा एकाने कमी आला. हजेरीत सगळी मुलं होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मुख्याध्यापक देशमुख सर म्हणाले, "अहो मॅडम, मोजताना चुकलं असेल." मॅडम बसच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटांनी सातवीतली एक मुलगी झाडाखाली सापडली. ती चक्कर येऊन पडली होती आणि तिच्या मैत्रिणीने भीतीने तिच्या नावाला हजर म्हटलं होतं. देशमुख सर त्या दिवसापासून मॅडमशी जरा जपून बोलायला लागले. हे जपून बोलणं प्रेमाचं नव्हतं.

फळ्यावर २७ हा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, मुलांचा पट लिहिलाय. माझा तास मोकळा होता, म्हणून त्यांच्या परवानगीने मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते.

"इसवी सन सत्तावीस," मॅडम म्हणाल्या. "शेजारच्या कल्याणच्या बंदरातून पुढं रोमकडे जहाजं जायची, तो काळ. तिथं टायबेरियस नावाचा सम्राट होता. त्याला माणसांचा कंटाळा आला. तो राजधानी सोडून कॅप्री नावाच्या बेटावर जाऊन राहिला. त्याला खेळतमाशांचीही आवड नव्हती, त्यामुळे रोममध्ये खेळ कमी झालेले. लोक भुकेलेले. भाकरीसाठी नाय, बघण्यासाठी. आता सांगा, आपल्या पनवेलपासून तळोजा जेवढं लांब, रोमपासून तेवढ्या अंतरावर फिडेनी नावाचं गाव. तिथं अतिलियस नावाच्या एका माणसाने खेळ लावले. तलवारबाजांचे. लाकडाची मोठी गॅलरी उभी केली. लोक कुठून आले असतील?"

"रोममधून!"

"पायी. बायका, म्हातारे, पोरं खांद्यावर. गॅलरी भरली. आणि पडली."

मॅडमनी आडवा धरलेला हात खाली आणला.

"आत बसलेले खाली आले आणि बाहेर उभे होते त्यांच्यावर लाकूड आलं. किती माणसं गेली? एकजण लिहितो वीस हजार. दुसरा लिहितो, मेलेले आणि जायबंदी झालेले मिळून पन्नास हजार. मला दोन्ही आकडे खरे वाटत नाय, पण खोटेही वाटत नाय." त्या खिडकीपासून हलल्या. "का पडली? अतिलियसने पाया पक्क्या जमिनीवर घातला नव्हता. लाकडं एकमेकांना नीट जोडली नव्हती. एवढंच. शत्रू नाय, भूकंप नाय. त्याच साली पुढं रोममधली एक आख्खी टेकडी जळाली, लोक म्हणायला लागले की साल अपशकुनी. सालाचा काय दोष?"

तेवढ्यात एका मुलाने विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे?"

"नाय," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेला राजे असतात."

दरवर्षी नववीच्या प्रत्येक तुकडीला त्या हे साल शिकवायच्या, अभ्यासक्रमात नसताना. तीस वर्षांत किती मुलांनी ते ऐकलं असेल कोण जाणे. त्यातला एक संदेश भोईर.

संदेश आता पस्तिशीच्या पुढे गेलेला. कामोठ्याच्या जुन्या गावातला, मंडप आणि स्टेजची कामं घेणारा, शिवाय कबड्डी मंडळाचा अध्यक्ष. शाळेची पुढची भिंत त्याने बांधून दिली होती, गॅदरिंगचा मंडप तो फुकट घालायचा. त्यामुळे देशमुख सरांच्या केबिनमध्ये त्याला खुर्ची लगेच मिळायची. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्याने मोठी स्पर्धा ठेवली. शनिवारी दुपारी फायनल, मोठे पाहुणे, चॅनेलचे कॅमेरे. आणि आम्हाला नोटीस आली: आठवी-नववीची दोनशे दहा मुलं प्रेक्षक म्हणून न्यायची आहेत, गॅलरीत मधल्या भागात बसवायची आहेत.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "चल, जागा बघून येऊ."

रिक्षाने आम्ही कामोठ्याच्या खाडीकडच्या अंगाला गेलो. दरवर्षी स्पर्धा गावच्या जुन्या मैदानावर व्हायची, पण तिथे आता इमारत उभी राहत होती. हे मैदान नवं होतं. खाडीच्या कडेला भराव टाकून सपाट केलेलं. वरून लाल मुरूम, छान रोलर फिरवलेला. एका बाजूला लोखंडी पाइपांची गॅलरी जवळजवळ उभी झाली होती. दहा पायऱ्या, शंभरेक फूट लांब, वर प्लायवूडच्या फळ्या.

मॅडम समोरून बघायला थांबल्याच नाहीत. सरळ गॅलरीच्या मागे गेल्या. पाइपांचे पाय विटांवर टेकवले होते, कुठे प्लायवूडच्या तुकड्यांवर. आडवे पाइप काही ठिकाणी क्लॅम्पने जोडलेले, बऱ्याच ठिकाणी तारेने गुंडाळलेले. मॅडमनी छत्रीचं टोक मुरमात दाबलं. चार बोटं जाईपर्यंत जोर लागला. मग ते लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा टोकाला काळा, ओला चिखल होता.

"मुग्धा, वही काढ. दहा रांगा, एका रांगेत साठ माणसं धर."

"सहाशे."

"माणूस साठ किलोचा. खाली पाय मोज किती ते."

मी मोजले. अठ्ठेचाळीस. वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. "एकेका पायावर साडेसातशे किलो, मॅडम. सगळीकडे सारखं पडलं तर."

"म्हणजे एकेका विटेवर एक म्हैस," त्या म्हणाल्या. "आणि म्हशी चढाई बघून उड्या मारत नाय."

तेवढ्यात संदेश आला. मोटारसायकल लावून त्याने आधी वाकून मॅडमच्या पायांना हात लावला. "बाई! तुम्ही कशाला आलात उन्हात? पास पाठवला असता."

"संदेश, ही गॅलरी नको."

तो हसला. "बाई, दहा वर्षं बांधतोय. कधी पडली का?"

"दहा वर्षं इथं बांधलीस?"

"तसं नाही, पण—"

"शनिवारी पुनवेचं उधाण हाय. दुपारी खाडी भरणार. हा भराव खालून पाणी पिणार. तू इथलाच ना? तुला मी सांगायला पाहिजे?"

संदेशचं हसू जरा कमी झालं. "बघतो बाई. उद्या माणसं लावतो. विटांखाली फळ्या टाकतो." मग माझ्याकडे वळून, जणू मॅडम तिथे नाहीतच अशा आवाजात म्हणाला, "वय झालं की काळजी वाढते ना?"

शुक्रवारी मॅडम देशमुख सरांच्या केबिनमध्ये गेल्या, माझा भागाकाराचा कागद घेऊन. मी दाराबाहेर उभी होते.

"मॅडम, तुम्ही इंजिनिअर नाही," सर म्हणत होते.

"नाय. म्हणूनच म्हणतेय, इंजिनिअरला दाखवा."

"एका दिवसात कुठून आणू? मुलं गॅलरीत बसतील. कॅमेरा तिकडे लावलाय."

"मुलं जमिनीवर बसतील."

"हा माझा आदेश आहे."

"ऐकला," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

शनिवारी बस निघताना मला कळलं की मॅडमनी प्रार्थनेच्या हॉलमधल्या सगळ्या सतरंज्या स्वतः उभं राहून बसमध्ये चढवून घेतल्या आहेत. दीड वाजता आम्ही मैदानावर उतरलो. त्यांनी मुलांच्या डोक्यांना हात लावत मोजलं आणि दोनशे दहा मुलं गॅलरीच्या बरोबर समोर, मॅटच्या पलीकडच्या बाजूला सतरंज्यांवर बसवली. देशमुख सर स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारी होते. तिथून त्यांनी दोनदा हाताने खूण केली. मॅडमनी त्यांच्याकडे पाठ केली.

गॅलरीतली मधली जागा रिकामी राहिली नाही. आजूबाजूच्या गावांतून टेम्पो भरून लोक आले होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले हमाल, तळोजाहून पाळी संपवून आलेले कामगार, मांडीवर पोरं घेतलेल्या बायका. दहावी पायरीसुद्धा खचाखच भरली. पुढे पाय सोडून पोरं बसली. स्पीकरवर ढोल वाजत होते.

सेमीफायनल सुरू झाली. चढाईपटू गडी बाद करून परतला की आख्खी गॅलरी उठून नाचायची. मी खेळ बघत होते, खोटं कशाला सांगू. मॅडमनी एकदाही मॅटकडे पाहिलं नाही. त्या गॅलरीच्या पायांकडे बघत होत्या. मधेच उठून मागे जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता.

"मागच्या ओळीतला एक पाय विटेवरून सरकलाय. दुसरी वीट फुटली हाय. जा, संदेशला सांग, लोक उतरव."

मी स्टेजकडे धावले. संदेश पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगत होता. माझं ऐकून त्याने कपाळाला आठी घातली. "तासाभरात फायनलही संपेल मॅडम. आता उतरवलं तर दंगल होईल."

मी परत येऊन सांगितलं. फायनल सुरू झाली. पहिल्याच चढाईत तीन गडी बाद झाले आणि गॅलरी एकदम उठली. त्या गोंगाटातही मला कुठेतरी लोखंड कर्रकन वाजल्यासारखं वाटलं. शेजारी पाहिलं तर मॅडम नव्हत्या.

त्या मॅटवर होत्या. चपला काठाशी काढून, सुती साडीत, मधल्या रेषेवर उभ्या. चढाईला आलेला खेळाडू 'कबड्डी, कबड्डी' म्हणत त्यांच्यापासून दोन हातांवर थबकला आणि त्याचा दम तुटला. पंचाने शिट्टी फुंकली. मग शिट्ट्या, शिव्या, "ए म्हातारे, हो बाजूला!" पाण्याची एक बाटली येऊन त्यांच्या खांद्यावर आदळली. दोन कार्यकर्ते धरायला धावले.

मॅडमनी हातसुद्धा वर केला नाही. स्टेजकडे बघून त्यांनी हाक मारली. "संदेश भोईर!"

वर्गात मारतात तशी, आडनावासकट. पस्तिशीतला तो दांडगा माणूस खुर्चीवरून उभा राहिला. त्याला स्वतःलाही कळलं नसावं का.

"मागे चल," मॅडम म्हणाल्या.

तो रागाने लाल झाला होता, पण आला. मी मागोमाग गेले. गॅलरीच्या मागे वेगळंच जग होतं. सावली, धूळ आणि डोक्यावर सहाशे माणसांचे पाय. खेळ थांबल्यामुळे चिडून लोक आता ठेका धरून पाय आपटत होते. प्रत्येक ठेक्याला वरून भुसा पडत होता. मुरमावर ओल चढून काळे डाग उमटले होते. मागच्या ओळीतला एक पाय विटेवरून उतरून वीतभर जमिनीत गेला होता आणि त्याच्या शेजारचे दोन कलंडले होते. तारेचा एक वेढा सुटून लोंबत होता.

"हात लाव," मॅडम म्हणाल्या.

संदेशने पाइपाला हात लावला. मी त्याचा चेहरा पाहिला. त्याने हात पटकन काढला नाही, तिथेच ठेवला, जणू त्याच्या हातानेच ते तोललेलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "आता काय करू?"

"पडेल म्हणून सांगू नको. पळतील. पळाले की पडेल." मॅडम भराभर बोलत होत्या, पण आवाज वर गेला नव्हता. "आधी तो ढोल बंद कर. मग सांग, फायनल जवळून बघायला मिळणार, सगळ्यांनी मॅटभोवती जमिनीवर बसायचं. खालची रांग आधी. मग तिच्या वरची. तुझी पोरं दोन्ही टोकांना उभी कर, हात धरून उतरवू दे. कुणी उडी मारायची नाय."

संदेश गेला. ढोल थांबले. माइकवर त्याचा आवाज आला आणि मला अजून आठवतं, तो हसत बोलत होता. "मंडळी, आज मंडळातर्फे खास! फायनल दोन हातांवरून बघायची! पहिल्या रांगेतले या, पुढची जागा तुमची!"

लोक कुरकुरत, मग उत्साहाने उतरायला लागले. पहिली रांग. दुसरी. मी समोर मुलांपाशी परत गेले होते. मॅडम आल्या नाहीत. त्या गॅलरीच्या मागेच थांबल्या होत्या, कलंडलेल्या पायांकडे बघत; रिकाम्या झालेल्या खालच्या पायऱ्यांच्या फटींतून मला दिसत होत्या. मी त्यांना हाताने बोलावलं. त्यांनी मान हलवली. तिथे उभं राहून त्यांना काय करता येणार होतं? काहीच नाही. पण त्या हलल्या नाहीत. सहावी रांग. सातवी. एक म्हातारा मधेच बसून राहिला, म्हणे मला इथूनच दिसतं. त्याला दोघांनी उचललं. नववी. दहाव्या रांगेत एक बाई चपला शोधत होती. माझ्या हातातला मुलांच्या यादीचा कागद घामाने भिजून मऊ झाला होता. शेवटी तीही उतरली, हातात एकच चप्पल घेऊन.

वीस मिनिटं लागली. गॅलरी रिकामी झाली. आणि ती पडली नाही.

उभी राहिली, सरळ, उन्हात चमकत. फायनल पूर्ण झाली, लोकांना जवळून बघायला मजा आली, पण खेळ मोडला म्हणून पाहुणे आधीच निघून गेले होते. बसमध्ये चढताना मॅडमनी डोकी मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली.

संध्याकाळपर्यंत मॅडम मॅटवर उभ्या असल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला. कबड्डीत घुसलेली बाई. त्याला गाणी लावली गेली. आमच्याच शाळेच्या पालकांनी तो आमच्याच शाळेच्या ग्रुपवर टाकला. रविवार तसाच गेला. सोमवारी देशमुख सरांनी संस्थेच्या लोकांना बोलावलं आणि स्टाफसाठी एक कागद फिरवला. त्यात लिहिलं होतं की मैदानावर आम्हाला कोणताही धोका आढळला नाही आणि श्रीमती नाखवा यांनी वरिष्ठांचा आदेश मोडून शाळेची बदनामी केली.

मी तेव्हा कायम झाले नव्हते. मार्चमध्ये माझा कागद वर जायचा होता. सर म्हणाले, "सगळ्यांच्या सह्या आहेत, तुझीच राहिली." मी सही केली. एकेका पायावर साडेसातशे किलो हा भागाकार ज्या हाताने केला होता, त्याच हाताने.

दुपारी मॅडमना आत बोलावलं. चौकशीच्या नोंदी लिहायला मलाच बसवलं होतं. संस्थेच्या एका सभासदांनी समजुतीने सांगितलं, "मॅडम, चार महिन्यांवर निवृत्ती आहे. घाबरून चूक झाली एवढं लिहून द्या, विषय संपला."

मॅडमनी कोरा कागद ओढला, एक ओळ लिहिली आणि सही करून सरकवला. मी वाचला. 'दोनशे दहा मुले नेली. दोनशे दहा परत आणली.'

"हे काय?" देशमुख सर म्हणाले.

"झालेलं लिहिलंय."

त्याच वेळी दार ढकलून संदेश आत आला. शर्टावर मुरमाचे डाग. तो कुणाची परवानगी न घेता बोलला. "सकाळी गॅलरी काढायला घेतली. वरच्या फळ्या सोडवायला दोन माणसं चढली, नुसती दोन. मागची बाजू बसली. खाली आली सगळी." त्याने मॅडमकडे पाहिलं. "एकाचा हात मोडलाय. दवाखान्यातून येतोय."

मग ते सभासद म्हणाले, "हे तुम्ही लिहून देता?"

संदेशने खाली पाहिलं. "लिहून नाही देत. माझा धंदा आहे. पण बाईंना काही करू नका."

त्यावर विषय मिटला, म्हणजे मिटवला गेला. सह्यांचा कागद फाडला नाही, पुढेही पाठवला नाही. फाइलमध्ये राहिला, माझ्या सहीसकट.

मी बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात संदेश मॅडमपुढे उभा होता, हात मागे बांधून, शिक्षा झाल्यासारखा.

"बाई, तुम्ही शिकवलं होतं ना, तो अतिलियस. त्याला फाशी दिली का?"

"नाय. हद्दपार केला."

"एवढंच?"

"मग कायदा केला. जमीन पक्की हाय का हे तपासल्याशिवाय गॅलरी उभारायची नाय. एवढी माणसं गेल्यावर केला." मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या माणसाच्या घरी कोण कोण हाय?"

"आई. बायको."

"आधी तिकडं जा. दोन महिने तो काय खाणार ते बघ. इथं उभा राहू नको."

तो गेला. तेव्हापासून त्याच्या स्पर्धेला गॅलरी नसते, लोक जमिनीवर बसतात. तो याचं कारण कुणाला सांगत नाही.

मे महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. शाल, नारळ, चार भाषणं. जानेवारीचा उल्लेख कुणी केला नाही. मीही नाही. चार महिने आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता आणि त्यांनी एका शब्दाने मला विचारलं नव्हतं. हे मला विचारण्यापेक्षा जड गेलं होतं.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी करंजाला गेले. काय बोलायचं ते एसटीत पाठ करत होते. मॅडम धक्क्याजवळ होत्या. मी आधी ओळखलंच नाही. कोळणीसारखं घट्ट नेसलेलं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातात काठी, वाळत घातलेल्या जवळ्यावरून कावळे हाकत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? जेवून जायचं."

"मॅडम, मला बोलायचं होतं. त्या कागदावर मी—"

"सही केलीस. माहीत हाय. मी वाचला होता तो." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "तू कायम झालीस ना?"

मी मान हलवली. पुढचं पाठ केलेलं काही आठवेना.

तेवढ्यात त्यांच्या पुतण्याची बोट आली. ओहोटी होती, ती धक्क्याला लागेना. चिखलातून क्रेट आणायचे होते आणि माणसं कमी पडत होती. मॅडमनी लुगडं वर खोचलं. "सँडल काढ आणि ये."

मी उतरले. गार, गुळगुळीत चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. एका बाजूने त्या, एका बाजूने मी, असे आम्ही कोळंबीचे सहा क्रेट वर आणले. बोलण्याइतका दम माझ्यात नव्हता. त्यांनाही धाप लागत होती. मधेच थांबून त्या छातीवर हात ठेवायच्या, मी बघितलं की काढून घ्यायच्या. शेवटचा क्रेट ठेवल्यावर त्यांनी मला एका पिंपापाशी नेलं आणि तांब्याने माझ्या पायांवर पाणी ओतायला लागल्या. मी लाजेने पाय मागे घेतले. "अहो मॅडम, तुम्ही कशाला?"

"उभी राहा नीट. बोटांच्या मधला काढ. राहिला की खाज सुटते."

मी वाकून बोटांमधला चिखल काढत राहिले. माझे डोळे भरले होते, ते त्यांना दिसलं असेल किंवा नसेल. त्या पाणी ओतत राहिल्या, पाय स्वच्छ दिसायला लागल्यावरही जरा वेळ.

त्यानंतर सहा महिन्यांनी त्या गेल्या. हृदयाचं दुखणं होतं म्हणे, कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्या रविवारी जेवून मी निघाले. रिक्षा मिळेपर्यंत त्या सोबत आल्या, रिक्षावाल्याला गावातल्या नावाने दटावलं, "सावकाश ने, मास्तरीण हाय." रिक्षा चढावरच्या वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं. त्या परत किनाऱ्यावर पोचल्या होत्या. बर्फाचा टेम्पो उताराला मागे येत होता आणि मॅडम त्याच्या मागे उभ्या राहून हाताने त्याला ये, ये करत होत्या. मग त्यांनी पंजा वर केला. एवढ्या लांबून आवाज ऐकू आला नाही, पण टेम्पो जागच्या जागी थांबला.